चौथं स्टूल

अबकैकच्या अलीकडे रस्ता उगाचच थोडा वळतो.
सपाट वाळूत वळण कशाला, हे मी दोन इंजिनियरांना विचारून झालंय.
तिथे एक लांबट पत्र्याचा डबा आहे,
रूळ चुकून आलेला.
वर लाल निऑनमध्ये ‘डायनर’, इंग्रजीत,
शेवटचं अक्षर मागच्या रमजानपासून विझलेलं.

मी हफूफला पाइप नेतो. चाळीस फुटी ट्रेलर.
पोचायला उशीर झाला तर सुपरवायझर बोलतो,
तरी इथे थांबतोच.

लाल रेक्झीनच्या बाकांना चिरा गेल्यात,
चिरांवर काळी टेप.
कोपऱ्यात गाण्यांची पेटी. तिला तिकडचंच नाणं लागतं
आणि ते इथे कुणाच्याच खिशात नाही.
काउंटरला सहा गोल स्टुलं. माझं चौथं.
ते डुगडुगतं.

भटारखान्यात हसनमियां चौगुले, दाभोळचे.
मेनूवर पॅनकेक छापलंय.
ते खिडकीतून ओरडतात, “घावनं किती टाकू रे?”
वर ओततात तो पाक मेपलचा म्हणे.
मी गेली तीन वर्षं त्याला काकवीच समजतो,
आणि काकवीनेही कधी तक्रार केलेली नाही.

अमेरिका हसनमियांनी पाहिली नाही. मी नाही.
कप भरणारा रोडेल इलोइलोचा, त्याने तर दम्मामही नीट पाहिलेलं नाही.
भिंतीवरच्या फोटोत निळी लांब गाडी उभी आहे,
फोटोखाली बारीक अक्षरात शारजाच्या छापखान्याचा पत्ता.

तरी रस्त्यात एकटं जेवणाऱ्याचं तोंड
भिंतीकडे नको, तव्याकडे असावं,
हे ज्याला कुठेतरी पहिल्यांदा सुचलं
तो माणूस मला भेटल्यासारखा वाटतो.

कॅम्पच्या मेसमध्ये ताट पुढे केलं
की आधी बॅज नंबर.
इथे रोडेल पालथा कप फक्त सुलटा करतो.
मग तो भरतच राहतो. पैसे एकाच कपाचे.

एकदा मी आत असतानाच इशाची बांग झाली.
तेव्हा अजून नमाजाला दुकानं बंद व्हायची.
शटर खाली, दिवे निम्मे,
हसनमियां हात पुसत मागच्या दाराने गेले.
मालक अबू तलाल त्या दिवशी आले होते,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं,
खुर्चीत बसूनच नमाज पढले
आणि काठी टेकत माझ्या शेजारी, तिसऱ्या स्टुलावर.

मी विचारलं, तिकडचं असंच होतं का हो?
थोडं हिंदी, थोडं अरबी, मध्ये बोटांनी.
म्हणाले, टल्साला शिकायला होतो. पहिला हिवाळा.
चार दिवस कुणाशी एक शब्द नाही.
बर्फातून चालत एका ठिकाणी शिरलो,
काउंटरमागच्या म्हातारीने कप भरला.
रिकामा झाला, भरला. पुन्हा भरला.
नाव विचारलं नाही तिने. मीही नाही.

मी पुढचं ऐकायला थांबलो.
“पुढे काही नाही,” म्हणाले.
“परत आलो, नोकरी केली, रिटायर झालो, हे बांधलं.”

शटर वर गेलं. दिवे आले.
दोन पाकिस्तानी ड्रायव्हर, एक बायकोशी फोनवर भांडत,
बाहेरची दमट हवा दारातून त्यांच्याबरोबर आत.
हसनमियांनी तव्यावर पाणी शिंपडलं. चुर्रर्र.

टूलबॉक्स ट्रेलरमध्ये असतो,
दहा नंबरचा पाना तर खिशातच.
स्टुलाखालचा तो एक नट,
अर्ध्या मिनिटाचं काम.
रोडेलनेही दोनदा सांगून पाहिलं.

मी हो म्हणतो, बसतो,
ते जरासं डावीकडे कलतं,
आणि तो कप सुलटा करतो.